भातुकलीतले बारा स्विच

हॉस्पिटलच्या नेटवर्क विभागात तिला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत तिच्या वाट्याला आल्या त्या फक्त वायरी. स्विचमध्ये, म्हणजे मजल्यामजल्यावरचे संगणक जोडणाऱ्या पेट्यांमध्ये, काय भरायचं ते साहेबच भरणार. म्हणून तिनं दिराच्या टाकाऊ लॅपटॉपवर अख्खं हॉस्पिटल उभं केलं. बारा नकली स्विच, वागायला मात्र हुबेहूब खरे, आणि प्रत्येकात खऱ्याच याद्या: प्रयोगशाळा कुठल्या जोडणीवर, औषधांची खिडकी कुठल्या. रोज सकाळी भाजी शिजेपर्यंत ती ते मोडायची आणि परत जोडायची. साहेबांना हे कळल्यापासून ते चारचौघांत विचारायचे, "काय, भातुकली कुठवर आली?" लोक हसायचे. ती मनातल्या मनात दातओठ खायची.

त्या सोमवारी तिसऱ्या मजल्यावरचा स्विच गेला. साहेबांनी कोठीतून एक जुना काढून तिच्या हातात दिला. "लाव."

"आधी पुसून घेऊ या, साहेब. याच्या पोटात जुनी यादी असेल. यादी जितक्या वेळा बदलली तेवढा तिचा क्रमांक; तो मोठा निघाला, तर बाकीचे स्विच आपली यादी टाकून हीच धरतील. मी घरी चार वेळा करून पाहिलंय."

"घरी," साहेब म्हणाले. "इथं खरं काम चालतं, बाई. लाव."

तिनं लावला. या गोष्टीचा तिला पुढे साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

मिनिटभरात खाली नोंदणीचं काम ठप्प झालं. रिपोर्ट अडकले, रांग दारापर्यंत गेली. अधीक्षकबाई धापा टाकत जिना चढून आल्या. "कोणी केलं हे?"

साहेबांनी बोट दाखवलं. "स्विच हिनं लावला."

खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब खुर्चीत बसून नुसतीच बटणं बडवत होते. यादी त्यांना पाठ नव्हती आणि लिहून ठेवायचा त्यांना कायमचा कंटाळा. शेवटी मान न वळवता ते म्हणाले, "तुझी ती लॅपटॉपवरची यादी आण."

"भातुकली आहे ती, साहेब."

"अगं, खाली पेशंट खोळंबलेत."

तेवढं मात्र खरं होतं. नाहीतर तिनं त्यांना संध्याकाळपर्यंत तसंच बसवलं असतं.

"उठा," ती म्हणाली.

साहेब उठले. तिनं आधी जुन्या स्विचची वायर उपटली, मग पिशवीतला लॅपटॉप काढून, त्यात बघून एकेक यादी परत भरली. अकरा मिनिटांत खालची रांग हलली.

"चल, जागा दे आता," साहेब म्हणाले.

"वहीत लिहायचंय अजून." प्रत्येक बदल त्या वहीत लिहायचा आणि खाली सही करायची, असा नियम होता, आणि तिला आजवर कोणी त्या वहीला हात लावू दिला नव्हता. तिनं लिहिलं: जुना स्विच न पुसता लावला. लावला मी. पुसू नको म्हणाले साहेब. 'लावला मी'खाली स्वतःची सही करून तिनं वही त्यांच्यापुढे सरकवली.

"याची काय गरज आहे?"

"भातुकलीत सही लागत नाही. इथं खरं काम चालतं."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. अधीक्षकबाई जागच्या हलल्या नव्हत्या. साहेबांनी पेन घेतलं.