परतीची बस

बस कंपनीच्या ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणत. गेल्या वर्षी तिने डेटाबेसला एक फिरती क्वेरी दिली होती: या स्टॉपवरून कुठे जाता येतं, तिथून पुढे कुठे, तिथून आणखी पुढे. एकदा येऊन गेलेला स्टॉप पुन्हा धरायचा नाही, ही अट घालायला मात्र ती विसरली. क्वेरी त्याच रस्त्यांवर गरगरत बसली, सर्व्हर आडवा झाला आणि दुपारभर एकही तिकीट निघालं नाही. तेव्हापासून असल्या क्वेरींवर साहेबांची बंदी होती.

आता साहेब टेकडीवरची बस बंद करायला निघाले होते. याच बसने तिची आत्या डायलिसिसला जायची. आईच्या मागे तिला वाढवणारी आत्या.

"बस बदलून जाता येतं की," मीटिंगमध्ये साहेब म्हणाले. "कुणाचं काय बिघडतंय?" बस बंद करायच्या कागदावर सही करायला शेजारच्या वेळापत्रकवाल्याने पेनही उघडलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला आणि तीच फिरती क्वेरी उघडली.

"ए भिंगरे, बंदी आहे ना त्याला?" वेळापत्रकवाल्याने हटकलं.

"आहे. मोडतेय."

या खेपेस अट घातलेली होती, बसच्या वेळाही जोडलेल्या होत्या. टेकडीची बस वगळून तिने आधी आत्याच्या घरापासून हॉस्पिटलपर्यंत शोधलं. रस्ता सापडला. साहेब खुशीत मागे रेलले. मग तिने उलटं विचारलं: संध्याकाळी हॉस्पिटलपासून घर. पडदा रिकामाच राहिला.

"झालं! पुन्हा पाडलास सर्व्हर?"

"सर्व्हर ठणठणीत आहे, साहेब. बाजारापर्यंत येता येतं, पण तिथली शेवटची बस तोवर निघून गेलेली असते. उत्तरच नाही म्हणून पडदा रिकामा आहे."

"मग टॅक्सी करावी माणसाने."

"मग बस कंपनी कशाला काढली?" ती म्हणाली. "आज संध्याकाळी तुम्हीच हॉस्पिटलहून निघा, टेकडीची बस सोडून. बसने माझ्या आत्याच्या दारात पोहोचून दाखवा. पोहोचलात तर राजीनामा देते."

साहेबांनी बंदच्या कागदाकडे हात नेला. तिने त्यावर लॅपटॉप ठेवला आणि वर हाताचं कोपर.

वेळापत्रकवाल्याने पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवून दिलं.