दहा संच पाणी

टॉवेल पुन्हा परत आले होते. हॉटेलचा माणूस गठ्ठा काउंटरवर आपटून निघून गेला, तेव्हा भाच्याने त्यातला एक उचलून आत्यासमोर धरला. टॉवेल पत्र्यासारखा ताठ उभा राहिला.

"आत्या, ही तिसरी खेप. मी आजवर काही बोललो का?"

"आता बोलतोयस ना? बोल."

"सोडा जास्त पडतोय तुझ्या हातून. वय झालं की होतं असं. सोमवारपासून तू काउंटरवर बस, पावत्या फाड. टबांवर मी दुसरं कुणी बघतो."

या लाँड्रीत एकतीस वर्षं टब आत्याचे होते. एका टबाला एक किलो सोडा, तोही काट्यावर तोलून. आता दिवसभर दुसऱ्याने धुतलेल्या घड्या मोजत बसायचं?

तिने पोत्यातला सोडा तोलून दाखवला. बरोबर एक किलो. माप चुकत नव्हतं, पण टॉवेल काही वाकेना.

भाची सुट्टी म्हणून आली होती. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, म्हणून घरात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. चहाचा कप हातात घेऊन ती पोत्यावर वाकली.

"हे पोतं नवीन दिसतंय."

"तीन आठवडे झाले. सोडाच आहे, तोच," भाचा म्हणाला.

"तोच नाही. 'निर्जल' लिहिलंय यावर. आत्या, जुना सोडा खड्यांचा होता ना?"

"काचेसारखे खडे. डब्यात आहेत अजून थोडे."

"त्या खड्यांत पाणी असतं. दिसत नाही, पण सोड्याच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू."

पावतीच्या पाठीवर तिने भराभर आकडे मांडले. सोडियम तेवीस, ते दोन, म्हणजे सेहेचाळीस. कार्बन बारा. ऑक्सिजन सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. सोडा झाला एकशे सहा. पाण्याचे हायड्रोजन वीस, ऑक्सिजन सोळा, मिळून छत्तीस. एकूण एकशे बेचाळीस.

"शंभर ग्रॅम खडे तापवले, तर पंचाहत्तर ग्रॅम कोरडा सोडा उरेल."

"एवढ्याशा फरकाने टॉवेलाचा पत्रा होतो होय?" भाचा म्हणाला.

शंभर ग्रॅम खड्यांचं पातेलं शेगडीवर चढलं. खडे आपल्याच पाण्यात विरघळले, रटरटले आणि शेवटी पांढरी पूड उरली. मास्तरीणबाईंनी ती तोलली, पुन्हा तापवली, पुन्हा तोलली. वजन घटायचं थांबलं तेव्हा काटा सदतीस ग्रॅमवर होता.

तिचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकलंय."

"घ्या! म्हणजे घराण्यातच आहे," भाचा म्हणाला.

आत्याने पावती ओढून घेतली. "हे पाणी कसं मोजलंस ते सांग. मला कळेल असं."

"एका पाण्यात हायड्रोजन दोन. हलके, वजन एकेक. ऑक्सिजन एकच, पण जड, सोळाचा."

"म्हणजे आपला हॉटेलचा संच. उशीचे अभ्रे दोन, चादर एक."

"अगदी तसंच."

"आणि असे संच दहा?"

"दहा."

"मग अभ्रे वीस धरलेस आणि चादर एकच? बाकीच्या नऊ चादरी कुठं गेल्या गं? हॉटेलवाला जीव घेईल माझा!"

मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या खदखदून हसायला लागल्या. "याच चुकीला मी दरवर्षी मुलांचे गुण कापते!"

चादरी दहा, म्हणजे एकशे साठ. अभ्रे वीस. पाणी एकशे ऐंशी. सोड्यासकट दोनशे शहाऐंशी. त्यात सोडा एकशे सहा.

"सदतीस टक्के! आत्या, सदतीस!"

तिघांनी काट्याकडे पाहिलं. तो सदतीसवरच होता.

भाच्याने हिशेब उलटा करून पाहिला. नव्या किलोभर सोड्यात जुन्या जवळजवळ पावणेतीन किलोंचा जोर होता.

"पोतं कुणी आणलं रे?" आत्याने विचारलं.

"मी."

"हं."

तेच टॉवेल तिने खळखळून नुसत्या पाण्यातून काढले आणि मग टबात नवा सोडा घातला. तीनशे सत्तर ग्रॅम, एक चिमूट इकडे नाही की तिकडे नाही. दुपारी वाळलेला पहिला टॉवेल तिने गालाला लावला आणि भाच्याच्या डोक्यावर भिरकावला. तो खांद्यापर्यंत अलगद ओघळला.

"आत्या," टॉवेलाखालून आवाज आला, "सोमवारी काउंटरवर..."

"तूच बस. मला टब भरायचेत."