तेलातलं पातं आणि कल्याणची मान

कल्याणने केदारखेड्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या बनवायला घेतल्या, तेव्हा त्याच्या बायकोने, दैवशालाने, बाजारातल्या सुऱ्या संपल्या का एवढंच विचारलं होतं. छंदाला कारण विचारू नये, असं कल्याणचं मत होतं. दैवशालाला त्याच शेडमध्ये पिठाची गिरणी टाकायची होती, आणि गिरणीला दुर्दैवाने कारणही होतं. शेवटी तोडगा निघाला: रविवारपर्यंत एक तरी पातं सरळ निघालं तर शेड कल्याणची, नाहीतर भट्टी बाहेर, गिरणी आत.

आजवरची सगळी पाती वाकडी निघाली होती.

कृती कल्याणला तोंडपाठ होती. पातं लाल करायचं, लोहचुंबक चिकटेनासा झाला की कोमट सरकीच्या तेलात बुडवायचं. पण नुसतं धरून ठेवायचं नाही. स्थिर तेलात पात्याभोवती वाफेचं पांघरूण बसतं आणि लोखंड कुठे निवतं, कुठे तसंच राहतं. म्हणून हलवत राहायचं, तेही चहात बिस्कीट बुडवल्यासारखं, वरखाली. आडवं हलवलं की एक गाल आधी थंड होतो आणि पातं तोंड फिरवतं.

शनिवारी संध्याकाळी त्याचा वर्गमित्र बुद्धभूषण, जो आता शाळेत मास्तर होता, बघायला आला. कल्याणने पातं तेलात सोडलं तेवढ्यात फाटकातून कुणीतरी ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी आहे का म्हणून विचारलं. कल्याण न्हाई म्हणाला. पातं विळा होऊन बाहेर आलं. पुढच्या पात्याच्या वेळी दैवशालाने विचारलं की पिंपळगाव रेणुकाईला भाचीच्या बारशाला येणार का. कल्याण बघू म्हणाला. त्या पात्याला असा पीळ पडला की त्याची जिलबी व्हायचीच बाकी होती.

"कल्याण, तुझा हात मानेला बांधलेला हाये," बुद्धभूषण म्हणाला. "मान आडवी हलली की हात आडवा."

कल्याणने हे साफ नाकारलं. नाकारताना त्याच्या हातातली रिकामी सांडशीही डावीकडून उजवीकडे गेली.

मान ताठ धरून पाहिली, तर हातही थांबला. मग बुद्धभूषणने मास्तरकीचा उपाय काढला: पातं तेलात असेपर्यंत, ज्यांचं उत्तर हो आहे असेच प्रश्न विचारायचे. दैवशाला दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. चहा ठेवून गेली.

रविवारी सकाळी शेवटचं पातं लाल झालं. कल्याणने ते तेलात सोडलं.

तुझं नाव कल्याण का, बुद्धभूषणने विचारलं. मान खाली-वर, पातं खाली-वर. नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरी का? खाली-वर. मी चांगला मास्तर हाये का? इथे मान जराशी अडखळली, पण सावरली.

"अहो," दारातून दैवशाला म्हणाली, "मंग ही शेड मला देता ना?"

कल्याणची मान थांबली, हात थांबला, तेल बुडबुडायला लागलं. न्हाई म्हणावं तर पातं वाकणार आणि ठरल्याप्रमाणे शेड जाणार. हो म्हणावं तर पातं सरळ निघून शेड आपली होणार, पण ती तर आपण आत्ताच दिलेली असणार. विचार करावा, तर लोखंड विचाराला थांबत नाही.

कल्याणची मान खाली गेली.

"आजच ना?" दैवशालाने विचारलं. मान वर आली, परत खाली गेली. "भट्टी तुमीच उचलून ठिवनार ना?" तेल शांत होईपर्यंत ती विचारत राहिली, पात्याचं नुकसान होऊ नये म्हणून.

पातं बाहेर निघालं. कल्याणने पुसून काचेवर ठेवलं. खालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. कानस फिरवली, ती न चावता घसरून गेली, म्हणजे पातं कडकही झालं होतं. नुकतीच शेड गेलेल्या माणसाला शोभणार नाही इतका तो खूश झाला. बुद्धभूषणने त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला.

मग कल्याणला व्यवहार आठवला. पातं सरळ निघालंय, तेव्हा शेड आपली, असं त्याने साक्षीदारासमोर बजावून सांगितलं.

"बिलकुल तुमचीच," गिरणीसाठी भिंत मापत दैवशाला म्हणाली. "म्हनून तर तुमाला विचारलं."