वाळवलेली नाव

आसेगावकडच्या धरणाकाठी नाव बांधायची शाळा आहे, असं सांगितलं की एसटीतले लोक तिथं शिकवणाऱ्या मंजूकडे दयेनं पाहत. उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं तिथं नावा! पहिल्या साली शेतकऱ्यांची पोरं आली, पोहता एकालाही येत नव्हतं. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी पोलीस भरतीला. यंदा प्रवेश एकच: तांड्यावरची जमना, दोन लेकरांची आई. दिवाळीनंतर पटावर कुणी नसलं तर शाळेला कुलूप, असं वरून आलेलं.

शाळेची काळजी मंजूला होतीच. पण खरं सांगायचं तर जमना सोडली तर दिवसभर तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. काम एकटीचं नव्हेच. बाहेरून एकीनं खिळा ठोकायचा, आतून दुसरीनं लोखंडी गोळा दाबून धरायचा. फळीच्या दोन्ही अंगांनी दोघी ओरडून गप्पा मारत.

नाव पुरी झाली तेव्हा मंजू रंग आणायला कारंज्याला गेली. दोन दिवसांनी परतून पाहते तर जमनानं तांड्यावरच्या बाया बोलावून नाव बाहेर ओढलेली आणि ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलेली. फळ्या आक्रसून सांध्यांतून पलीकडचं दिसत होतं.

"ओलं ठेवलं तं कीड लागते ना ताई," जमना रडकुंडीला आली. "तूर नाई का वाळवत आपण?"

मंजूला हसू आवरेना. "अवं बये, हे तूर नोहे. लाकूड पाण्यात फुगलं का सांधे मिटते."

दोघींनी दगड भरून नाव काठालगत बुडवली. म्हशी घेऊन आलेला तांड्यावरचा दौलतसिंग थांबला. "काहो म्याडम, बुडवाचा बी कोर्स हाये काय?"

"हाये. नाव लिहू तुमचं? म्हशीसकट घेतो."

पण तांड्यावरची ऊसतोडीची टोळी यंदा दिवाळीआधीच निघाली. निघायच्या दिवशी सकाळी जमना आली ती डोक्यावर गाठोडं घेऊनच. मंजू गुडघाभर पाण्यात होती.

"ताई, सांधे मिटले नसन तं सांगा. खराबी माह्या हातची हाये. निस्तरल्याबिगर येत नाई, असं सांगते मी हेमसिंगले. तो आयकते माह्यं."

मंजूची बोटं पाण्याखाली फळीवरून फिरत होती. सांधा लागतच नव्हता हाताला. 'नाही मिटले' एवढं खोटं बोललं की झालं. जमना राहिली असती, शाळा राहिली असती. पण टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात. जमनाच्या नवऱ्याला, हेमसिंगला, एकट्याला मुकादम ट्रकमध्ये चढूही देणार नव्हता.

"मिटले," ती म्हणाली. "जाय तू."

"मंग शाळा?"

"पाहू. पयले दगड काढू लाग."

दोघींनी दगड काढले, घमेल्यांनी पाणी उपसलं. नाव हलकेच वर आली. तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजला आणि जमना ओल्या लुगड्यानं पळाली.

मंजू एकटीच नावेत बसली. धरणाच्या भिंतीवरून ट्रक जातो तिथून दिसावी, म्हणून तिनं नाव मधोमध वल्हवत नेली. एक थेंब आत आला नाही. ट्रकवरून कुणीतरी पदर हलवला. जमनाच असेल असं नाही, टोळीत बाया पुष्कळ. तरी मंजूनं वल्ही आत घेतली, हात वर केला.

ट्रक दिसेनासा झाल्यावर ती मोठ्यानं ओरडली, "उन्हाळ्यात ये वं! प्रवेश चालूच हाये!"