दिग्गीच्या नळाचा जोड

दिग्गी गावच्या लाकूड कापायच्या गिरणीला डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी पोलादी नळातून यायचं. झरा तीनशे फूट वर, त्यामुळे खालच्या टोकाला पाण्याचा जोर असा की तोटीपुढे धरलेला हात बाजूला फेकला जाई. पौषातल्या एका गारठलेल्या सकाळी तळच्या नळाची शिवण, म्हणजे पत्रा वळवून जोडलेली उभी कड, टोकाला वीतभर उसवली. पाणी नाही म्हणून बॉयलर बंद, गिरणी बंद. नवा नळ मुंबईहून यायला दोन महिने. गिरणीच्या वासू मिस्त्रीनं नाइलाजानं माझ्या बापाला, गुणा लोहाराला, बोलावलं आणि वर ऐकवलं, "कोयतं ठोकणाऱ्याचं काम न्हवं हे." असा संताप आला मला!

भीती मात्र वेगळीच होती. दोन वर्षांपासून बापाला तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नव्हता. कमी तापलं तर जोड धरत नाही, जास्त तापलं तर लोखंड जळतं. हे बाप, आई आणि मी, आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मिस्त्रीला कळलं असतं तर बापाचं नाव गेलं असतं, आणि नावाशिवाय त्याच्याकडे होतं काय?

माझी आई तुळजा परक्यांसमोर नवऱ्याला हे करा, ते करा म्हणत नसे. भट्टीचा भाता तीच ओढायची, आणि लोखंडाचा रंग बघून ती भात्यानंच सांगायची. भाता थांबला की लोखंड बाहेर काढायचं.

नळ चेपू नये म्हणून बापानं आत जाड सळई घातली, फाटक्या कडा एकीवर एक चढवल्या, जोड धरावा म्हणून वर बारीक वाळू टाकली आणि टोक भट्टीत सरकवलं.

"काढ, जळंल!" मिस्त्री ओरडला.

भाता चालूच होता. बाप जागचा हलला नाही. मग भाता थांबला. बापानं नळ ऐरणीवर घेतला, आईनं पदर खोचून घण उचलला.

दुपारी नळ बसवून पाणी सोडलं. बाप जोडावर तळवा ठेवून बसला. मिस्त्री लांब उभा.

"कोरडा हाय," बाप म्हणाला.

मिस्त्रीनं गुडघ्यावर बसून पाहिलं. एक थेंब नव्हता. "गुणा, तुझी खूण ठोक हितं. मुंबईवाल्यांस्नी दावतो."

बापानं खुणेचा ठसा काढला आणि आईपुढे धरला. "मला रंग दिसत न्हाई, मिस्त्री. जोड हिचा हाय. खूण हीच ठोकंल."

मिस्त्रीनं आपल्याच पंच्यानं नळ पुसून दिला. आईनं एका घावात खूण उमटवली.

पुढे मिस्त्री काम घेऊन आला की दारातूनच विचारायचा, "तुळजाबाय हाय काय?"

बाप ओट्यावरून मिशीला पीळ देत म्हणायचा, "हाय की! बायको कुणाची हाय!"