हाताला लागलेलं शिसं

चंदनबालाच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. सांगलीच्या गावभागातल्या त्या जैन घरात हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता आणि लग्न होऊन आल्यापासून तिनंही तो कधी मोडला नव्हता. त्यामुळं तिची संध्याकाळ नेहमी घाईची. साडेपाच वाजले की ती मागच्या खोलीतलं काम तसंच ठेवून उठायची, पदराला हात पुसायची आणि तडक गॅसपुढं उभी राहायची. भाकऱ्या थापायची, आमटीला फोडणी द्यायची, आणि ऊन परसातल्या भिंतीवरून उतरायच्या आत अडीच वर्षांच्या धवलला मांडीवर घेऊन दूधभाकरी कुस्करून भरवायची. त्याला चमचा चालायचा नाही. आईचाच हात लागायचा.

मागच्या खोलीत ती रंगीत काचेचे दिवे करायची. लग्नाआधी ती पाचगणीच्या एका निवासी शाळेत चित्रकला शिकवत होती. तिथल्या प्रार्थनागृहाच्या खिडक्या दुरुस्त करायला एक म्हातारे कारागीर यायचे. त्यांच्या शेजारी बसून ती काच कापायला शिकली, तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी लावायला शिकली आणि दोन तुकड्यांच्या फटीत डाख वितळवून ते सांधायलाही शिकली. डाखाची ती चंदेरी तार तापल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला लागली की पाण्यासारखी पळायची आणि क्षणात घट्ट व्हायची. ते बघायला तिला फार आवडायचं.

नवरा भरतेश मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर होता. त्यानंच तिला मागची खोली रिकामी करून दिली होती, विजेचं बटण बसवून दिलं होतं. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, सुरुवातीला हे काम पटलं नव्हतं. पण पहिला दिवा त्यांनी देवघरात लावला आणि मग आल्यागेल्याला तोच दाखवत बसल्या. दिव्यांचं नाव होत गेलं. साताऱ्याची उमा नावाची एक लग्नाळू मुलगी सांगलीत मावशीकडं दोन महिने राहून तिच्याकडून हे काम शिकून गेली. लग्नानंतर तीही साताऱ्यात दिवे करू लागली होती.

१९९५च्या जानेवारीत महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं चाळीस दिवे मागितले, उन्हाळ्याच्या हंगामाआधी हवेत म्हणून. चंदनबाला सकाळी बसायची ती संध्याकाळी उठायची.

धुराची तिला धास्ती होती. पाचगणीच्या त्या कारागिरांनी तेवढं बजावून सांगितलं होतं. म्हणून डाख देताना ती खिडकी सताड उघडी ठेवायची, नाकातोंडाला फडकं बांधायची आणि धवलला आत्यांकडं सोडून दाराला कडी लावायची. धूर पार निघून गेला की मग कडी काढायची. धवल बाहेर वाटच बघत असायचा. धावत येऊन फरशीवर बसकण मारायचा आणि सांडलेले डाखाचे बारके मणी वेचायचा. "मणी! मणी!" त्यानं एखादा तोंडात घातलेला दिसला की ती बोट घालून काढायची. न दिसलेले किती, कोण जाणे. खडबडीत सांधे ती कानशीनं घासायची, तेव्हा करडी पूड तिच्या मांडीवर, फरशीवर पडायची. ती कोरड्या केरसुणीनं झाडून काढली की खोली स्वच्छ झाली असं तिला वाटायचं.

फेब्रुवारीत धवलचं पोट दुखायला लागलं. पाय पोटाशी घेऊन तो कळवळायचा. चार-चार दिवस त्याला शी व्हायची नाही. गाल पांढरे पडले. गल्लीतल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग रक्त वाढायचं टॉनिक दिलं. आत्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. खेळकर पोर किरकिरं झालं, कुणी उचललं तर ओरबाडायला लागलं. आणि मग त्याचे शब्द जायला लागले. तो "आजी, पानी" म्हणायचा, ते थांबलं. चिमणी दिसली की नुसतं बोट दाखवायला लागला. मार्च उजाडेपर्यंत 'मणी'सुद्धा गेला.

"मुलगे उशिरा बोलतात," भरतेश म्हणाला.

"पण हा बोलत होता," चंदनबाला म्हणाली.

चौतिसावा दिवा हातात होता, त्या दुपारी आत्यांची किंकाळी आली. धवल त्यांच्या मांडीवर ताठ झाला होता. डोळे वर गेले होते, तोंडातून फेस येत होता आणि हातपाय झटके देत होते. शेजारच्या माणसानं यार्डात फोन करून भरतेशला बोलावलं, पण त्याची वाट न बघता चंदनबालानं रिक्षा केली आणि पोराला मिरजेच्या इस्पितळात नेलं.

झटके थांबायला तास गेला. रक्त घेतलं, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान मुलांचे डॉक्टर इनामदार एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. तरुण माणूस होता, पण बोलणं सावकाश.

"हे पोटात पांढरे ठिपके दिसतात. धातूचे कण आहेत. आणि गुडघ्यापाशी हाडाच्या टोकाला ही पांढरी रेघ. तुमच्या घरी काय काम चालतं?"

"हळदीच्या अडतीवर आहे मी," भरतेश म्हणाला.

"घरी, म्हटलं."

चंदनबालानं सांगितलं. काच, तांब्याची पट्टी, डाख. ती सांगत गेली तसा डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला.

"डाखात काय असतं, माहीत आहे?"

"कथील आणि शिसं. दुकानदार म्हणतो, अर्ध्याला अर्धं."

"मग?"

"मग काय, डॉक्टर? शिसं तर पेन्सिलीत असतं. शाळेत पोरं चघळतात."

"पेन्सिलीला शिसपेन्सिल म्हणायचं नुसतं. आत शिसं नसतंच. डाखात मात्र खरं शिसं असतं, आणि ते विष आहे."

"पण मी त्याला धुरात कधी येऊ दिलं नाही हो!" तिचा आवाज चढला. "खिडकी उघडी असायची. कडी लावायची मी. तोंडाला फडकं बांधायची."

"धुराचा त्रास असतोच, चुलीजवळ बसल्यासारखा. पण तेवढ्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी होत नाही. शिसं हाताला लागतं. कपड्यांना, फरशीला लागतं. कानशीनं घासलं की त्याची पूड होते आणि झाडलं की ती उडते. तिथून ते पोटात जातं." त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "काम झाल्यावर हात साबणानं धूत होता?"

चंदनबालानं आपल्या हातांकडं पाहिलं. नखांच्या कडेला करडी रेघ होती. ती नेहमीचीच होती. तिच्या डोळ्यांपुढं संध्याकाळचं ताट आलं, कुस्करलेली दूधभाकरी आली, आणि एकेक घास घेताना आईची बोटं चोखणारं धवलचं तोंड आलं. सूर्य मावळेल म्हणून ती रोज घाई करत होती. "पदराला पुसायची," ती म्हणाली.

रक्त मुंबईला पाठवलं होतं, त्याचं उत्तर आठ दिवसांनी आलं. दहाच्या आत असायला हवं होतं ते शिसं चौऱ्याऐंशी निघालं. चंदनबालाचं एक्केचाळीस. तोवर उपचार सुरू झालेच होते. शिसं लघवीवाटे बाहेर काढणारी इंजेक्शनं मांडीत द्यावी लागत आणि ती इतकी दुखत की सुई दिसली की धवल आईच्या गळ्याला मिठी मारायचा. तिलाच त्याचे पाय धरावे लागत.

घरी आत्यांनी स्वतः मागची खोली ओल्या फडक्यानं पुसून काढली, डॉक्टरांनी सांगितली तशी, तीन-तीनदा. त्या सुनेला एक शब्द बोलल्या नव्हत्या. फक्त एकदा, पाणी गाळताना त्यांचा हात थांबला.

"मुंगी मरू नये म्हणून आम्ही पीठ चाळून घेतो, बाई. किडा जाऊ नये म्हणून पाणी गाळून घेतो. आणि घरातलं लेकरू..." त्या गडू खाली ठेवून देवघरात गेल्या.

भरतेश मात्र बोलला. एका सकाळी इस्पितळाच्या पायरीवर, सगळ्यांदेखत. "बटण मीच बसवून दिलं," तो म्हणाला आणि हमसून रडला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

धवलच्या इंजेक्शनांचा पहिला फेरा संपताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात कुणी गरोदर नाही ना? आईच्या अंगातलं शिसं पोटातल्या बाळाला पोचतं."

"घरात नाही," चंदनबाला म्हणाली. आणि मग तिला उमाचं संक्रांतीचं पत्र आठवलं. *बाई, मला दिवस गेलेत. काम चालूच आहे.*

दुसऱ्या दिवशी धवलला आत्यांकडं सोडून ती सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेली.

उमाचं घर करंजे पेठेत होतं, दोन खोल्यांचं. नवरा हरी फौजेत, आसामकडं. घरात उमा आणि तिची सासू राहीबाई. स्वयंपाकाच्या खोलीतच ओट्याच्या बाजूला, पुढ्यात पाट मांडून उमा दिव्याला डाख देत बसली होती, तोंडाला फडकं बांधून. पोट दिसायला लागलं होतं. पाटाला लागून पिठाचा डबा होता.

"आवं बाई! तुमी? कळवायचं तरी," ती फडकं काढत हसली. "बसा, च्या टाकती."

"चहा नको. उमा, आधी ते खाली ठेव. हात धुऊन ये. साबणानं धू."

हात धुऊन उमा आली, तेव्हा चंदनबालानं सगळं सांगितलं. धवलचं पोट, झटके, पोटातले ठिपके, तो आकडा. सांगताना ती काही लपवत नव्हती. राहीबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या.

उमाचं हसू विरलं. तिनं पाटावरच्या अर्ध्या दिव्याकडं बघितलं.

"पर तुमीच शिकवलंत की," ती म्हणाली. "तुमी म्हणलासा, खिडकी उघड, तोंड बांद. म्या एक दिस चुकवलं न्हाई."

"मी अपुरं शिकवलं. मलाच माहीत नव्हतं."

"मंग आता माहीत झालं, तर हात धुतीन. पाट भाईर नेतीन."

"बाळ होईपर्यंत बंदच कर, उमा. रक्त तपासून घे. मी पाया पडते."

"व्हय, बंद कर म्हणायला तुमचं काय जातंय!" उमा एकदम उसळली. "लगीन झाल्यापासनं ह्या घरात माज्या नावाची ही एकच गोष्ट हाय. पेठेतल्या बाया दिवेवाली उमा म्हनत्यात मला. ते तुमीच दिलं आन्‌ आता तुमीच काडून घ्यायला आलासा?"

चंदनबालालाही तेच वाटलं होतं, मागच्या खोलीला कुलूप लागलं त्या दिवशी.

"बाई," राहीबाई पहिल्यांदाच बोलल्या, "त्ये पोरगं आता बोलतंय का?"

"नाही."

"आई तरी म्हनतंय?"

"नाही, राहीबाई. तेही नाही."

राहीबाई चौकटीपासून सुटल्या. त्यांनी पाट उचलला, काचा पोत्यात गुंडाळल्या, डाखाची गुंडाळी आणि आयर्न वर ठेवलं आणि सगळं मागच्या पडवीत नेऊन वरून पत्रा घातला. परत आल्या आणि पिठाचा डबा उचलून त्यातलं पीठ उकिरड्यावर पालथं केलं. उमा भिंतीकडं तोंड करून बसली होती. चंदनबाला निघाली तेव्हाही ती वळली नाही. एसटी स्टँडपर्यंत पोचवायला राहीबाईच आल्या.

"तिचा राग मनावर घ्यू नगा," त्या म्हणाल्या. "तुमी आलासा, ह्ये लय झालं."

उमाचं रक्त पुण्याला पाठवलं, त्यातही शिसं निघालं, पण धवलच्या मानानं पुष्कळ कमी. ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. वजनाला हलकी होती, पण रडली, दूध ओढायला लागली. हे सगळं राहीबाईंनी कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या कार्डावरून कळलं. उमानं पुन्हा कधी पत्र लिहिलं नाही. चंदनबालानं दोनदा लिहिलं, मग तीही थांबली.

धवलच्या इंजेक्शनांचे चार फेरे झाले. आकडा बावीसवर आला. "रक्तातलं जातं," डॉक्टर इनामदार म्हणाले, "हाडांतलं सावकाश निघतं. पण डोक्याला पोचलेली इजा औषधानं भरून निघेलच असं मी सांगू शकत नाही." त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, याबद्दल ती पुढं कितीतरी दिवस त्यांच्यावर चिडून होती.

चौथं वर्ष लागताना धवल पुन्हा बोलायला लागला. पहिल्यांदा 'आजी' म्हणाला. आई म्हणायला अजून सहा महिने लागले. वर्षभर उशिरा, सातव्या वर्षी पहिलीत बसला, आपल्याहून बुटक्या पोरांच्या रांगेत. दिवाळीनंतर त्याच्या बाईंनी चंदनबालाला बोलावून घेतलं.

"घरी अभ्यास घेत नाही का तुम्ही? काल आलेलं अक्षर आज पुसलेलं असतं."

"घेते," ती म्हणाली. "रोज घेते."

घरी येऊन तिनं त्याला उंबऱ्यावर शेजारी बसवलं आणि पाटीवर 'ग' काढला. कालही तोच काढला होता. धवलनं तो निरखून बघितला, जसा पहिल्यांदाच बघतोय. मग त्यानं आईच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या ओठांवरून कळतं का, ते बघत होता.

"गडूचा ग," ती म्हणाली.

"गडूचा ग," तो म्हणाला आणि खुश होऊन हसला.

तिनं पाटी पुसली आणि पुन्हा काढला.