रुचिरचा खेळ

आमचा रुचिर अमेरिकेत कॉलेजच्या संघातून बेसबॉल खेळतो. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचा गुणगौरव असतो. त्यात त्याचं नाव यावं म्हणून मी आणि बायको प्रणिता सेम्बावांग उपनगरात मंडळाचे सेक्रेटरी गोळे यांच्या फ्लॅटवर फॉर्म घेऊन गेलो. अबॅकसमध्ये तिसऱ्या आलेल्या पोरांनाही हे लोक शाल पांघरतात.

"बेसबॉल?" गोळे म्हणाले. "टीव्हीवर कधी दिसलं नाही."

"अहो, कॉलेजचं बेसबॉल अमेरिकेतसुद्धा फार कोणी बघत नाही. बरीच चांगली पोरं व्यावसायिक क्लब शाळेतूनच उचलतात. हंगाम थंडीत सुरू होतो, उत्तरेत तेव्हा बर्फ असतो. जरा रंगात आला की कॉलेजला सुट्टी लागते."

"म्हणजे तिथंही कोणी बघत नाही आणि सत्कार आम्ही करायचा?"

"आईबाप बघतात की!" माझा आवाज चढला.

"बरं. मग रुचिर मैदानात उभा कुठं राहतो?"

मी प्रणिताकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्याचे सामने इथल्या सकाळी सातला असतात. तेव्हा आम्ही कामावर जाताना एमआरटी मेट्रोत क्रिकेटचे हायलाइट्स बघत असतो.

गोळ्यांनी खेळाच्या रकान्यात 'क्रिकेट' लिहिलं. मी खाली सही केली.